२०१५ सालातले तुमचे आवडते चित्रपट कोणते?

प्रश्न : २०१५ इतकं भरभरून देणारं वर्ष दुसरं आठवत नाही, असं तुम्ही मागच्या अंकात लिहिलं होतंत. त्या वर्षातले तुमचे आवडते चित्रपट सांगाल का?

उत्तर : सांगते की! मी समीक्षक नाही. पुन्हा बघावासा वाटला की तो माझा, एवढीच कसोटी. पहिला मान ‘कोर्ट’ला. गटार साफ करणाऱ्या कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप एका लोकशाहिरावर येतो. चैतन्य ताम्हाणेने तो खटला दाखवलाय, पण माझ्या मनात घर केलं ते सरकारी वकीलबाईंनी. कोर्टात कलमं घडाघडा वाचणारी ही बाई लोकलने घरी जाते, स्वयंपाकाला लागते. दिग्दर्शक तिला खलनायिका करत नाही. (गीतांजली कुलकर्णी अभिनय करतेय असं वाटतच नाही!) आणि सुट्टी लागताना रिकाम्या कोर्टातले दिवे बंद होतात, कॅमेरा मात्र जागचा हलत नाही. तो अंधार अंगावर येतो.

मग ‘किल्ला’. शाळकरी चिनूचे वडील गेलेत, आईची बदली कोकणात. मित्र त्याला भर पावसात किल्ल्यावर एकटं टाकून जातात, तेव्हा त्या पोराचा चेहरा बघवत नाही. अविनाश अरुणने दिग्दर्शनासोबत छायाचित्रणही केलंय. तो पाऊस उगाच इतका खरा नाही.

‘मसान’ही त्याच वर्षीचा, चुकवू नका. ‘कट्यार काळजात घुसली’ मात्र चांगल्या आवाजाच्या सोयीतच बघा. फोनवर ती गाणी वाया जातात.