ट्रेनिंगच्या कागदावर सही आहे, म्हणून चूक माझीच का?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये एका केअर होममध्ये नोकरी करते. रुग्णांना उचलायचा हॉइस्ट बरेच दिवस बंद होता. मॅनेजर म्हणाल्या, "दोघी मिळून उचला." एका आजोबांना खुर्चीत बसवताना माझ्या कंबरेत उसण भरली आणि दहा दिवस घरी बसावं लागलं. आता त्या म्हणतात, "ट्रेनिंग घेतल्याची तुमची सही आहे, चूक तुमची." व्हिसा त्यांच्याच स्पॉन्सरशिपवर आहे. काय करू?

उत्तर : त्या सहीचा धसका घेऊ नका. मॅन्युअल हँडलिंगचे, म्हणजे हातांनी उचलण्या-हलवण्याच्या कामाचे, 1992 चे नियम ट्रेनिंगपासून सुरू होत नाहीत. इजेचा धोका असलेली उचलाउचल व्यवहारात शक्य तिथवर टाळायची, हे मालकाचं पहिलं कर्तव्य. ती टळणारच नसेल, तर धोका तपासायचा आणि कमी करायचा. ट्रेनिंगचा नंबर त्यानंतर.

कायद्यात 'इतक्या किलोपर्यंत चालेल' अशी मर्यादा कुठेच नाही. सरकारी मार्गदर्शनात पुरुषांसाठी 25 आणि स्त्रियांसाठी 16 किलोचे आकडे आहेत, तेही ओझं कंबरेच्या उंचीवर, अंगालगत धरलं तर. माणूस तर मध्येच कलतो, हात घट्ट धरतो.

तुमची खरी बाजू हॉइस्टमध्ये आहे. हॉइस्ट आणून ठेवला याचाच अर्थ हातांनी उचलणं धोक्याचं आहे हे त्यांना माहीत होतं. माणसं उचलणाऱ्या यंत्राची जाणकाराकडून सहसा दर 6 महिन्यांनी कसून तपासणी व्हावी लागते. 1998 चे नियम तसं सांगतात. तो बंद असल्याचं कोणी, कधी कळवलं? तुमच्या व्हॉट्सॲपवर तसे मेसेज असतील तर जपून ठेवा. सोबतच्या सहकारी साक्षीदार आहेत. ॲक्सिडेंट बुकात नोंद नसेल तर आजच करा, आणि जीपीला (तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना) 'कामावर उचलताना झालं' असं स्पष्ट सांगा. अपघाताचा दिवस सोडून सलग 7 दिवसांहून जास्त काळ नेहमीचं काम करता आलं नाही, तर मालकाने अपघातापासून 15 दिवसांत सरकारी यंत्रणेला कळवायचं असतं. ते केलं का, हे लेखी विचारा.

एक अडचण आहे. 1 ऑक्टोबर 2013 पासून निव्वळ नियमभंग दाखवून भरपाई मिळत नाही. हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो. तुमच्याकडूनही थोडी चूक झाली असं ठरलं तर रक्कम घटते, पण दावा बुडत नाही. दावा कोर्टात दाखल करायला साधारण 3 वर्षं असतात. पैसे बहुधा विमा कंपनी देते, कारण 1969 च्या कायद्याने मालकाला असा विमा सक्तीचा आहे.

सुरक्षेची तक्रार केली म्हणून काढून टाकलं तर ती बडतर्फी आपोआप अन्याय्य ठरते. नोकरी किती जुनी हे पाहिलं जात नाही. तरी स्पॉन्सरशिप गेली तर व्हिसाचं काय, हे इमिग्रेशनच्या अधिकृत सल्लागाराला आधीच विचारून ठेवा.

आणि हो, आजोबांच्या केअर प्लॅनमध्ये 'हॉइस्टनेच हलवावे' असं लिहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. त्याचा फोटो मात्र काढू नका. ती रुग्णाची गोपनीय माहिती आहे, आणि तुमच्यावर कारवाईला आयतं निमित्त मिळेल. तुमचे सॉलिसिटर तो कागद रीतसर मागवतील.