ठराव केला म्हणजे गाव वेगळे होत नाही : राज्यघटनेवरील प्रश्नोत्तरे

सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढा या भागांतून येणाऱ्या पत्रांत तीन गोष्टींची हमखास सरमिसळ असते : गाव शेजारच्या राज्यात घालणे, नवे राज्य मागणे आणि देशातूनच बाहेर पडणे. कायद्यात या तिन्हींच्या वाटा निराळ्या आहेत. एकाच गोंधळातून आलेली पत्रे म्हणून यावेळी एकत्र घेतली आहेत.

आमच्या ग्रामसभेने कर्नाटकात जाण्याचा ठराव केला, तर गाव किती दिवसांत तिकडे जाते? (अक्कलकोट तालुका)

जात नाही. राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार अनुच्छेद 3 नुसार फक्त संसदेला आहे.

आमच्या संस्थानचा विलीननामा 75 वर्षांचाच होता, त्याची मुदत संपली, असा मेसेज फिरतो आहे. खरे काय? (अक्कलकोट)

खोटे. अक्कलकोट संस्थान 1948 मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांतात विलीन झाले, ते कायमचे. अशा करारांवरचे वाद अनुच्छेद 363 ने न्यायालयांच्या कक्षेबाहेरच ठेवले आहेत. मेसेज पाठवणाऱ्याकडे विलीननाम्याची प्रत आणि त्यातले मुदतीचे कलम मागा. ते दाखवता येत नसेल, तर पुढे पाठवू नका.

वेगळ्या राज्यासाठी विधानसभेचा ठराव लागतोच ना? (पंढरपूर)

ठराव लागत नाही. राष्ट्रपती विधेयक विधिमंडळाकडे मत मागण्यासाठी पाठवतात, पण ते मत संसदेवर बंधनकारक नसते. जानेवारी 2014 मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विभाजनाचे विधेयक फेटाळले. फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केले आणि 2 जून 2014 रोजी तेलंगणा अस्तित्वात आले. आपला अनुभव तर याहून जुना आहे. 1956 मध्ये विधेयक पाठवले गेले महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर अशा तीन घटकांचे आणि संसदेने बनवले द्वैभाषिक मुंबई राज्य. नव्या रचनेवर विधानसभेचे मत पुन्हा घ्यायला हवे होते, ही तक्रार बाबूलाल पराते खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही.

माझा भाचा कॅनडात अल्बर्टा प्रांतात असतो. तिथले लोक कॅनडातून वेगळे होण्याची भाषा करतात आणि त्यांना कुणी पकडत नाही. मग आपल्याकडेच मनाई का? (जुळे सोलापूर)

तिथेही नुसत्या मतदानाने कुणी वेगळे होत नाही. कॅनडाच्याच क्वेबेक प्रांताने 1995 मध्ये सार्वमत घेतले. वेगळे होण्याच्या बाजूने 49.42 टक्के आणि विरोधात 50.58 टक्के मते पडली. त्यानंतर 1998 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रांताला एकतर्फी बाहेर पडण्याचा हक्क नाही. मात्र स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाले, तर बाकीच्यांना वाटाघाटीला बसावेच लागेल. प्रश्न आणि बहुमत स्पष्ट आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार 2000 च्या कायद्याने तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने स्वतःकडे घेतला.

भारताच्या घटनेत ही वाटाघाटीची खिडकीही नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कारण सांगितले होते : आपला संघ राज्यांनी आपसांत करार करून बनलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला बाहेर पडण्याचा हक्क नाही. भाच्याचे ऐकताना तो कोणत्या घटनेखाली राहतो, एवढे लक्षात ठेवा.

कर आम्ही भरायचा आणि निधी दुसऱ्यांनी न्यायचा. उजनी आमच्या जिल्ह्यात, तरी सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड. अशा संघराज्यात आणि अशा राज्यात राहून काय मिळते? (विजापूर रस्ता, सोलापूर)

या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणार आहे, कारण वेगळे होण्याची जवळपास प्रत्येक मागणी इथूनच सुरू होते. लोकांची तक्रार खरी असते. तिला वेळेवर उत्तर मिळत नाही आणि मग पाण्याची मागणी सीमेची मागणी बनते.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण पाहा. आयात मालावरच्या जकातीने पूर्वेकडचे कारखाने जगतात आणि आम्हाला अवजारे महाग पडतात, ही पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गहू पिकवणाऱ्यांची तक्रार होती. एप्रिल 1933 मध्ये तिथे सार्वमत झाले आणि सुमारे 66 टक्के लोकांनी संघराज्य सोडण्याच्या बाजूने मत दिले. पण त्याच दिवशी प्रांताची निवडणूकही होती. तीत याच मतदारांनी वेगळे होण्याला पाठिंबा देणारे सरकार पाडले आणि त्याला विरोध असलेल्या मजूर पक्षाला निवडून दिले. ऑस्ट्रेलियाच्या संघ सरकारची संमती नसल्याने ब्रिटिश संसदेच्या समितीने 1935 मध्ये त्यांचा अर्ज विचारातच घेतला नाही. तोवर ऑस्ट्रेलियात 1933 मध्येच अनुदान आयोग स्थापन झाला होता. मागे पडलेल्या प्रांतांना किती पैसा द्यायचा, हे हिशेबाने ठरवणारी एक स्थायी जागा तयार झाली. हिशेब मांडायला जागा मिळाल्यावर चळवळीचा जोर ओसरत गेला.

आपल्याकडे अशा जागा कागदावर आहेत. केंद्राच्या करांचे वाटप अनुच्छेद 280 खालचा वित्त आयोग सुचवतो. पंधराव्या आयोगाने 2021 ते 2026 साठी वाटपयोग्य करांतला 41 टक्के वाटा राज्यांना दिला. त्यात महाराष्ट्राला 6.317 टक्के आणि उत्तर प्रदेशाला 17.939 टक्के. ही लूट आहे, असे म्हणणाऱ्यांनी सूत्र वाचावे. त्यात 45 टक्के भार राज्याच्या दरडोई उत्पन्नातल्या तफावतीला होता; गरीब राज्याला जास्त मिळणे हाच त्याचा हेतू आहे. उपकर (सेस) आणि अधिभार (सरचार्ज) मात्र या वाटपात येतच नाहीत. भांडायचे असेल तर या मुद्द्यावर भांडा, इथे राज्यांची बाजू बळकट आहे.

आता राज्याच्या आतले. विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नेत्यांनी केलेल्या 1953 च्या नागपूर करारात समन्यायी वाटपाचा शब्द दिला गेला होता. अनुच्छेद 371(2) नुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळे 1994 मध्ये स्थापन झाली. सोलापूर ‘उर्वरित’मध्ये, म्हणजे मुंबई आणि पुण्याच्या पंगतीत. या पंगतीची सरासरी काढली की सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट श्रीमंत दिसू लागतात. आपल्या जिल्ह्यावरचा हा अन्याय फार थोड्यांनी बोलून दाखवला. आणि 30 एप्रिल 2020 ला मंडळांची मुदत संपली, तेव्हा वेळेत मुदतवाढही मिळाली नाही. लोकांचे गाऱ्हाणे अधिकृतपणे मोजण्याची जागाच बंद पडू दिली, तर ते दुसरीकडे ओरडणारच! मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या गावांनी 2009 मध्ये पाण्यासाठी मतदानावर बहिष्कार टाकला. 2022 च्या अखेरीस जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या काही गावांनी कर्नाटकात जाण्याचे बोलून दाखवले, तेव्हा अधिकारी धावत आले. सीमेचे नाव निघेपर्यंत कुणी फिरकले नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. दिरंगाई करणारे अधिकारी आणि मंत्रीच फुटीरपणाला खतपाणी घालत असतात.

तुम्ही काय करायचे? जिल्हा वार्षिक योजनेत तुमच्या तालुक्याला मागच्या पाच वर्षांत किती मंजूर झाले आणि किती खर्च झाले, हे माहिती अधिकारात मागा. आकडे हातात आल्यावर नियोजन विभागात काम केलेल्या एखाद्या जाणकाराबरोबर बसा, मगच जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांकडे आणि आमदारांकडे जा. आकड्यांशिवाय गेलात तर आश्वासन घेऊन परत याल.

‘सीमाबदलाची याचिका’ करायची म्हणून गावात एकजण 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर सह्या आणि घरटी वर्गणी घेतो आहे. द्यावी का? (दक्षिण सोलापूर)

एक रुपयाही देऊ नका. स्टॅम्प पेपरवरच्या सह्यांनी सीमा बदलत नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा सीमावाद महाराष्ट्र सरकारच्या 2004 च्या दाव्याने सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तो दोन सरकारांमधला दावा आहे. सही आधीच केली असेल तर कागदाची प्रत मिळवा आणि वकिलाला दाखवा. याचिकेच्या नावाखाली जमिनीचे संमतिपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र तर लिहून घेतलेले नाही ना, हे आधी तपासायला हवे. वर्गणीची पावती नसेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या.

चार हुतात्म्यांच्या सोलापुरात लोक ‘महाराष्ट्र सोडू’ म्हणतात. हा देशद्रोह नाही का? (नवी पेठ)

नाही. राज्य बदलून मागणे किंवा नवे राज्य मागणे ही घटनेतलीच मागणी आहे. विदर्भवाल्यांनी ती दशकानुदशके उघडपणे केली आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिले ते परकीय सरकारने. पाणी मागणाऱ्या शेतकऱ्याला गप्प करायला त्यांची नावे वापरू नका.

देश सोडण्याची भाषा मात्र वेगळी. 1963 च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडता ही भाषणस्वातंत्र्यावरच्या मर्यादेची कारणे ठरली. तेव्हा समोर द्रविडनाडूची, म्हणजे दक्षिणेत वेगळ्या देशाची, मागणी होती आणि द्रमुकने ती सोडून दिली. 1967 च्या बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्यात देशाचा भाग तोडण्याला चिथावणी देणेही येते आणि त्यात जामीन सहज मिळत नाही. म्हणून मोर्च्याची पत्रके छापण्याआधी, फलकांवरचा मजकूर ठरवण्याआधी आणि विशेषतः तरुण पोरांच्या हाती माइक देण्याआधी फौजदारी वकिलाला सगळा मजकूर वाचायला द्या.