मॅनेजर तर झाली, पण विचारायचं कोणाला?

प्रश्न: ताई, मी आमच्या शेतकरी कंपनीत अकाउंट पाहत होती, दिवाळीनंतर एकदम मॅनेजरच केलं. कापूस खरेदी, ग्रेडिंग, गाड्या सगळं माझ्याकडे, अन हाताखालचे काका लोक जिनिंगमध्ये जन्म काढलेले. विचारलं तर हसतील म्हणून मी चूपच राहून राहिली. काय करू?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर: अगं हसू दे ना दोन दिवस! न विचारता सही केली अन ओला माल आत आला तर हसणं परवडलं म्हणशील. सीसीआय, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारी सरकारी कंपनी, पूर्ण हमीभाव देते ८ टक्के ओलाव्यापर्यंत, पुढे १२ पर्यंत कपात करून अन त्याच्यावर घेतच नाही, म्हणून पहिले ते मॉइश्चर मीटर स्वतःच्या हातात घे. गाडीत वरवर नको, आत खोल खुपस, वरचा कापूस उन्हानं सुकलेला असतो. आधी काकांना मुठीत दाबून आकडा सांगायला लाव, मग मीटर पाहा, त्यांचा मानही राहते अन तुझा हातही बसते.

१९३६ मध्ये टी. पी. राइट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं विमान कारखान्याचा हिशोब मांडला होता, एकूण विमानं दुप्पट झाली की एका विमानामागची मजुरी साधारण २० टक्के कमी होते. म्हणजे सुरुवातीच्या गाड्यांना वेळ लागणारच, त्यात तुझं डोकं कमी असं काही नाही. पण केबिनमध्ये बसून गाड्या दुप्पट होत नाहीत बाप्पा, काट्यावर उभं राहावं लागते.

अन काकांना पेमेंटची एन्ट्री दाखव कधी, तिथं ते तुला विचारतील.