येवल्याची ट्रिप, 45 हजारांची पैठणी आणि कार्डावरचे 22 हजार

कल्याणहून एका वाचक ताईंनी लिहिलंय, थोडक्यात सांगते. नवरा-बायको दोघं नोकरीवाले, हातात मिळून महिना 1 लाख 12 हजार येतात, घराचा हप्ता 36 हजार, घरखर्च आणि मुलीची शाळा धरून 45 हजार, एसआयपी (दर महिन्याला म्युच्युअल फंडात ठरावीक गुंतवणूक) 10 हजार. बचत खात्यात "अडीअडचणीला" म्हणून 70 हजार. यंदा बोनसचे 85 हजार हातात आलेत. मे महिन्यात लग्नाला 10 वर्षं होतायत आणि लग्नात पैठणी घ्यायची राहून गेली होती, त्यामुळे जानेवारीत मुलीला आजीकडे ठेवून दोघांनी शनिवार-रविवार येवल्याला जायचं, मस्त खायचं-प्यायचं आणि पैठणी घेऊन यायची असा बेत आहे. एकूण 60 हजार, त्यात साडी 45 ची आणि बाकी 15 ट्रिपचे. साडी क्रेडिट कार्डावर नो कॉस्ट ईएमआयने, ट्रिप बोनसमधून, आणि उरलेले 70 हजार एकरकमी म्युच्युअल फंडात, हा नवऱ्याचा प्लॅन. ताईंचा प्रश्न असा की "हे उधळपट्टीत जातं का? 45 हजार 20 वर्षं गुंतवले तर साडेचार लाख होतात असं एका व्हिडिओत पाहिलं, तेव्हापासून मन लागत नाहीये." आणि मेलच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, "कार्डावर गणपतीतल्या फ्रिजचे 22 हजार बाकी आहेत पण मिनिमम वेळेवर भरतो."

ताई, तुम्ही विचारलंय साडीबद्दल आणि दुखणं आहे त्या शेवटच्या ओळीत.

आधी तो व्हिडिओ डोक्यातून काढा. 12 टक्क्यांनी 20 वर्षांत 45 हजारांचे 4 लाख 30-35 हजार होतात हे गणित म्हणून बरोबर आहे, पण 12 टक्के मिळतीलच असं कोणी लिहून दिलेलं नाही, आणि ह्या हिशेबाने चाललं तर माणसाने पोरीच्या बारशाला पेढेही वाटू नयेत. दहा वर्षं संसार करताय, हप्ते भरताय, एसआयपी चालू आहे, दोन दिवस नवऱ्याबरोबर बाहेर जाऊन चार पदार्थ खाल्ले तर काही बिघडत नाही. ट्रिपला माझा होकार आहे, पहिल्या फटक्यात.

पण तुम्ही दोघांनी ट्रिप आणि साडी एका पिशवीत घातलीय, तिथे गडबड आहे. 60 हजारांची ट्रिप म्हटलं की 45 ची साडी "ट्रिपचाच खर्च" वाटते आणि तिच्यावर वेगळा विचारच होत नाही. दोन्ही वेगळं करा.

ट्रिप स्वस्तातली आहे खरं तर. तुमच्याकडून समृद्धी महामार्ग जवळ, भिवंडीजवळच्या आमण्याला चढायचं, शिर्डीच्या एक्झिटला उतरायचं, कोपरगाववरून येवला. टोल किलोमीटरला 2 रुपयांच्या थोडा वर, म्हणजे जाऊन-येऊन साडेसातशेच्या आसपास, पेट्रोल तीन-सव्वातीन हजार, एक रात्र राहणं अडीच हजार (येवल्यात लॉजेस मोजकी आहेत, नाही जमलं तर शिर्डी तीसेक किलोमीटरवर, पण शनिवार-रविवारी तिथले रेट बघून घ्या), खाणं तीन हजार. दहा-अकरा हजारात होतं सगळं. गाडी नको असेल तर कल्याण ते मनमाड रेल्वे आणि पुढे एसटी, एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट, मग तर आणखी कमी. मी म्हणेन जाताना समृद्धीने न जाता कसाऱ्यावरून जुन्या हायवेने जा, कारण समृद्धीवर गाडी पळते पण खायचे वांधे आहेत. इकडून गेलात की नाशिकला मळ्यातली मिसळ, सोबत पापड, दही आणि शेवटी जिलबी, मग निफाड-विंचूरवरून पुढे निघालात की जानेवारीत रस्त्याला द्राक्षं दिसायला लागतात, हुरडाही मिळेल ज्वारीचा, गरम राखेतून काढलेला, लसणाच्या चटणीबरोबर. संक्रांतीच्या तीन दिवसात गेलात तर येवल्यात पतंगाचा उत्सव असतो, अख्खं गाव गच्चीवर, पण तेव्हा राहायला जागा आणि दुकानदाराचं लक्ष ह्या दोन्हीची आशा ठेवू नका. खाण्यावर हात आखडू नका, कोणाच्या घराचं बजेट मिसळीने कोसळलेलं मी पंधरा वर्षांत पाहिलेलं नाही.

आता कार्ड. मिनिमम भरलं म्हणजे बँक तुम्हाला डिफॉल्टर म्हणत नाही, बस्स, बाकी व्याज चालूच राहतं. 22 हजारांवर महिना साडेतीन टक्के धरले तर 770 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी 139, म्हणजे महिन्याला 900 च्या वर नुसते हवेत. वर्षाचा दर 42 टक्के होतो तो. आणि त्याच वेळी बोनसचे 70 हजार 12 टक्क्यांच्या आशेवर फंडात टाकायचे म्हणताय, म्हणजे एका खिशाला भोक आणि दुसऱ्या खिशात नाणी भरताय. ह्याहून मोठी गंमत म्हणजे जोपर्यंत जुनी बाकी पूर्ण फिटत नाही तोपर्यंत कार्डावरच्या नव्या खरेदीला ते 45-50 दिवस बिनव्याजी वगैरे मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज. नाशिकची मिसळ जरी कार्डाने खाल्लीत तरी तिच्यावर व्याज लागणार आहे. तर बोनसमधून पहिले 22 हजार तिकडे, ह्यावर चर्चा नको.

नो कॉस्ट ईएमआयचं पण सांगते. मोबाईल-टीव्हीला ते मिळतं कारण व्याजाचा भार कंपनी नाहीतर दुकानदार डिस्काउंट म्हणून उचलतो. येवल्यातला पैठणीवाला तुमच्यासाठी कशाला उचलेल? तिथे होणार काय, तर तुम्ही कार्ड स्वाइप करणार, संध्याकाळी बँकेचा मेसेज येणार की हे ईएमआयमध्ये कन्व्हर्ट करा, आणि तो दर असतो 15-16-18 टक्के. 16 ने 12 महिने धरले तर हप्ता 4,083, वर्षाचं व्याज चार हजार, व्याजावर जीएसटी सातशेच्या पुढे, प्रोसेसिंग फी वेगळी. 45 ची साडी 50 ला पडली. वर फॉल-बिडिंग, ब्लाऊजची शिलाई (पैठणीचा ब्लाऊज आपल्या नेहमीच्या टेलरकडे कोणी देत नाही, द्यायचा ठरवलं तरी देत नाही), ते दोन-तीन हजार धरा.

तुमचे मिस्टर म्हणतात पैठणी म्हणजे इन्व्हेस्टमेंट, तिच्यात जर म्हणजे सोन्या-चांदीची तार असते. त्यांना माझ्याकडून नमस्कार सांगा आणि सांगा की ते आजीच्या काळात. तेव्हा खऱ्या चांदी-सोन्याची जर असायची, साडी फाटली तरी जरवाला वजनावर घेऊन जायचा आणि वितळवून चांदी काढायचा. आजची बहुतेक जर तशी नाही, आणि नेसलेली पैठणी विकायला गेलात तर काय भाव येतो ते एकदा विचारून बघा, अपमान वाटेल. हौस म्हणून घ्या ना! हौसेला गुंतवणुकीचं नाव दिलं की किमतीला लगाम राहत नाही, एवढंच माझं म्हणणं.

हे मी ज्ञान पाजळतेय पण मी स्वतः येवल्यातल्या साडीच्या दुकानात गादीवर बसून आलेय. बहिणीबरोबर गेले होते, डोक्यात 12 हजार. पांढरी गादी, चहा आला, "बघायला पैसे लागत नाहीत ताई", आणि त्याने पहिली साडी उलगडली तीच 60 हजारांची, बांगडी मोराचा भरगच्च पदर. मग 40 ची. मग 25 ची काढली तेव्हा ती स्वस्त वाटली मला! तोवर दुसरा चहा. बहीण हळूच म्हणाली, "एवढं लांब आलोय तर..." आणि संपलं. ती 25 ची घेतली, शिवाय सासूबाईंना काहीतरी, जावेला पर्स, भाचीला पैठणीचं जॅकेट, कारण येवल्याला जाऊन रिकाम्या हाताने कसं यायचं, असे 31 हजार झाले आणि परतीच्या वाटेत आम्ही दोघी गप्प. हजार रुपयांच्या त्या पर्सनी जास्त घात केला असं मला आजही वाटतं.

म्हणून आकडा घरी ठरवायचा, गादीवर नाही. दुकानात बसल्यावर पहिलं वाक्य आपण बोलायचं, "20 पर्यंतच्या दाखवा, वरची उलगडू नका." आणि घरच्यांसाठीच्या वस्तूंना वेगळे दोन हजार, ट्रिपच्या पैशातच.

20 हजारच का, तर हिशेब असा. 85 मधून कार्डाचे 22 गेले, 63 उरले. ट्रिप 11, उरले 52. साडीला 20 ठेवले की 32 उरतात आणि ते म्युच्युअल फंडात नाही, तुमच्या बचत खात्यातल्या त्या 70 हजारात घालायचे. कारण तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळूनच महिन्याला 81 हजार जातात, म्हणजे 70 हजारात एक महिनासुद्धा निघत नाही आणि तुम्ही त्याला अडीअडचणीचा फंड म्हणताय. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर? 32 घातल्यावर 1 लाख 2 हजार होतात, तेही कमीच आहेत, पण सुरुवात तरी होईल. स्वीप-इन एफडी करा (खात्याला जोडलेली एफडी, लागतील तेवढे पैसे मोडून मिळतात), बचत खात्यात नुसते पडू देऊ नका. (तुमच्या आकड्यांप्रमाणे दर महिन्याला 20-21 हजार उरायला हवेत, ते कुठे जातात हे तुम्ही लिहिलेलंच नाही. ते एकदा बसून बघा, पण आत्ता त्यात शिरत नाही.)

20 हजारात हातमागाची येते का? येते. साधी, छोट्या काठाची, अंगभर छोटी बुट्टी आणि पदर बेताचा, पण खरी. ओळखायची कशी तर साडी उलटी करा. हातमागावर पदराची नक्षी रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्यांनी एकेक धागा गुंतवून भरलेली असते, त्यामुळे मोर पुढून दिसतो तसाच मागून दिसतो. पॉवरलूमच्या म्हणजे यंत्रमागाच्या साडीला मागे लोंबते किंवा कापलेले धागे असतात, नाहीतर ते झाकायला जाळी लावलेली असते. सेमी पैठणी, म्हणजे यंत्रमागावरची, दोन-तीन हजारात मिळते आणि ती घ्यायलाही हरकत नाही, फक्त ती 15 ला घेऊन येऊ नका. सिल्क मार्क, हँडलूम मार्क बघा, पैठणीला 2010 पासून जीआय (भौगोलिक मानांकन) पण आहे, आणि बिल पक्कं घ्या, त्यावर "हातमाग" असं लिहून घ्या. दुकानदाराने त्याला टाळाटाळ केली की उठायचं.

आणि तरीही तुमचा जीव भरगच्च पदरावरच असेल तर दुसरा रस्ता आहे, मला तर तोच जास्त आवडतो. येवल्यात घराघरात माग आहेत, बरेच विणकर ऑर्डर घेतात. रंग तुम्ही निवडा, काठ निवडा, थोडे पैसे आगाऊ द्या, बाकीचे साडी हातात आल्यावर. नक्षीप्रमाणे महिना, दोन महिने, कधी जास्तही लागतात, आणि तुमच्या लग्नाचा वाढदिवस मे मध्ये आहे म्हणजे जानेवारीत ऑर्डर दिलीत तर वेळ आहे. 10 आगाऊ द्या, 10 बाजूला ठेवा, जानेवारी ते एप्रिल महिन्याला 4 हजार वेगळ्या खात्यात, म्हणजे 36 हजारांपर्यंतची साडी एक पैसा व्याज न देता. ह्यालाच खरं नो कॉस्ट म्हणतात. 45 आणि 36 मधला फरक मोराच्या पिसाऱ्यात थोडा दिसेल, फोटोत दिसणार नाही. आगाऊ दिलेल्याची पावती घ्या, त्यावर रंग, काठ, तारीख आणि एकूण किंमत हे चारही लिहिलेलं पाहिजे, तोंडी काही ठेवू नका, आणि मे च्या ऐवजी एप्रिलची तारीख सांगा कारण ब्लाऊजवाली तीन आठवडे घेणारच.

शिवाय माग चालताना बघता येईल. विणकर दिवसभर बसून पदर बोटभर पुढे सरकतो, हे डोळ्याने पाहिलं की भावात घासाघीस करायची जीभ वळत नाही, हा त्यातला आर्थिक तोटा आहे, सांगून ठेवते.

जाताना कार्ड घरी कपाटात ठेवून जा, दोघांचीही. आणि जायच्या आधी, आजच जमलं तर आजच, कार्डाच्या ॲपमध्ये ऑटो-पे बघा, माझा अंदाज आहे तिथे "मिनिमम ड्यू" टिक केलेलं असेल. 22 हजार भरून झाले की ते बदलून "टोटल ड्यू" करा, मग येवल्याचं बुकिंग करा.