गोव्यात राहून स्थानिक वनस्पतींवर संशोधन करण्यात करिअर होतं का? ते आयुष्य कसं असतं?

तुम्ही बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि झाडापानांत पोट भरेल का, असं घरचे विचारतायत. भरतं, पण उशिरा. गोवा विद्यापीठात एमएस्सी, नेट ही पात्रता परीक्षा, मग पीएचडी. पुढे बरेच जण कॉलेजात शिकवतात, काही भारतीय वनस्पती सर्वेक्षणात जातात. मी शिकवतो आणि सुट्टी मिळाली की सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावर असतो.

सड्याचंच सांगतो. मे महिन्यात जांभ्याचा तो कातळ तव्यासारखा तापलेला, हिरवी काडी दिसत नाही. पाऊस लागला की खळग्यांत गोंड्यासारख्या फुलोऱ्याचं गेंद नावाचं छोटं रोप उगवतं, आणि चतुर्थीच्या सुमारास सीतेची आसवं नावाच्या इवल्या रोपांच्या फुलांनी सगळा सडा निळाजांभळा होतो. या आसवांचं एक रोप अलगद उपटून चिखल धुवा. भिंगाखाली बारीक बारीक पिशव्या दिसतील. पाण्यातले सूक्ष्म जीव त्या आत ओढून घेतात, कारण कातळावरच्या मातीत नत्र नसल्यात जमा. पाऊस संपला की हे सगळं वाळून जातं. उन्हाळ्यात पाहणी करून असा सडा कुणी 'पडीक' लिहून टाकतो तेव्हा माझा संताप होतो. तिथे पावसाळ्यातले, जागा-तारखेसकट ठेवलेले नमुनेच कामी येतात.

ते नमुने टिकवणं हेच अर्धं काम. ऐन पावसात दाबणीतले कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. गेंदाची जात ओळखायची तर फुलोरा सुईने सोडवून एकेक इवलं फूल सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. त्यात अख्खी संध्याकाळ जाते. मग हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या जुन्या नमुन्यांशी ताडून बघायचं: पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या किंवा मुंबईत ब्लॅटर हर्बेरियमच्या.

काम संपलेलं नाही. कुक यांचा १९०१-०८ चा फ्लोरा, म्हणजे वनस्पतींचा नोंदग्रंथ, मुंबई इलाख्याचा, गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे. शेषगिरी राव यांचा गोवा-दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीचा फ्लोरा आला तो थेट १९८५-८६ मध्ये.

पुस्तकांइतकंच चतुर्थीच्या बाजारात शिका. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-फुलांच्या चौकटीचं सामान घेऊन बसलेल्या बायकांना विचारा. कांगलां, घागऱ्या, नागकुड्याची फळं कुठल्या डोंगरावर आणि कधी मिळतात हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांची परवानगी घेऊन नोंदीत त्यांचं नावही लिहा. माहिती त्यांची आहे.

पीएचडीसाठी गाईड ठरवण्याआधी त्या विभागाचं हर्बेरियम बघायला मागा. लेबलांवर अलीकडच्या तारखा दिसल्या तर तिथली माणसं अजून रानात जातात असं समजा, आणि तिथेच अर्ज करा.