प्रश्न तुमचे : काही तासांत दुप्पट उजळणारी दीर्घिका

प्रश्न : मार्केरियन 421 या दीर्घिकेचं क्ष-किरणांतलं तेज काही तासांत दुप्पट होतं, असं वाचलं. दीर्घिका तर हजारो प्रकाशवर्षं रुंद असते. एवढं अवाढव्य प्रकरण इतक्या झटपट बदलेल कसं? (बीएस्सीची एक विद्यार्थिनी)

उत्तर : बदलतच नाही! सप्तर्षींच्या दिशेला, सुमारे 40 कोटी प्रकाशवर्षांवर असलेल्या या दीर्घिकेतले तारे काल होते तसेच आज आहेत. चढउतार होतो तो केंद्रातल्या महाकाय कृष्णविवरापाशी सुटलेल्या झोतात. हा झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं निघतो आणि त्याचा रोख आपल्याकडे आहे. अशा दीर्घिकांना ब्लेझार म्हणतात.

तुमच्या शंकेतच आमचं सगळ्यात जुनं हत्यार दडलंय. समजा एखादी वस्तू एक प्रकाशदिवस रुंद आहे आणि ती सगळीच्या सगळी एका क्षणी उजळली. तरीही तिच्या पलीकडच्या कडेचा प्रकाश अलीकडच्या कडेपेक्षा दिवसभर उशिरा पोचेल, आणि आपल्याला ती दिवसभर हळूहळू उजळताना दिसेल. म्हणजे तेज पाच तासांत दुप्पट झालं, तर उजळणारा भाग साधारण पाच प्रकाशतासांपेक्षा मोठा नसावा. हे अंतर 540 कोटी किलोमीटर, सूर्यापासून नेपच्यूनच्या थोडं पलीकडे. कुठल्याही क्ष-किरण दुर्बिणीतून तो नुसता ठिपकाच दिसणार, पण घड्याळ लावून त्याचं माप काढता येतं. इतकी वर्षं लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार तेज कसं बदलतं त्याचे आलेख, बघतेय, तरी मला याची गंमत वाटायची थांबलेली नाही.

आता यात एक मेख आहे. झोतातलं द्रव्य प्रकाशाच्या 99.5 टक्के वेगानं आपल्याकडे येत असेल, तर ते स्वतःच्याच प्रकाशाच्या मागोमाग धावतं. आत्ता निघालेला आणि थोड्या वेळानं निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत जवळजवळ पाठोपाठ पोचतो. तिथे दहा-वीस तास चाललेली घटना आपल्याला तासाभरात उरकलेली दिसते. त्यामुळे वरचं मापही दहा-वीस पटींनी वाढवून घ्यायचं. याच कारणानं तेजही फुगतं, तेही साधारण चौथ्या घातानं. वेळ दहा पटींनी आक्रसली तर तेज दहा हजार पट! झोताची दिशा जरा वेगळी असती, तर मार्केरियन 421कडे कुणी फारसं ढुंकूनही पाहिलं नसतं.

पण एवढ्यानं दर वेळी भागत नाही. जुलै 2006मध्ये नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी पीकेएस 2155-304 या ब्लेझारचा भडका टिपला. तो क्ष-किरणांतला नव्हे, गॅमा किरणांतला. तेज सुमारे 200 सेकंदांत दुप्पट झालं. प्रकाश तेवढ्या वेळात जातो 6 कोटी किलोमीटर. तिथलं कृष्णविवर 100 कोटी सूर्यांएवढं धरलं, तर त्याच्या घटना-क्षितिजाचा, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेचा, व्यासच 600 कोटी किलोमीटर भरतो. दहापट सूट देऊनही भडकलेला भाग कृष्णविवरापेक्षा लहानच राहतो. मग एक तर झोताचा वेग आणखी प्रचंड मानायचा, नाहीतर झोताच्या आत चुंबकीय रेषा तुटून-जुळून छोटे, अधिक वेगवान झोत सुटतात असं मानायचं. वाद मिटलेला नाही. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, कारण रेडिओ दुर्बिणींतून अशा ब्लेझारांच्या झोतातल्या गाठी सरकताना पाहिल्या, तर तेवढा अफाट वेग तिथे दिसत नाही.

प्रश्न : हे चढउतार दृश्य प्रकाशापेक्षा क्ष-किरणांत जास्त का? (एक शिक्षक)

उत्तर : सगळ्याच ब्लेझारांत तसं नसतं, पण मार्केरियन 421च्या जातकुळीत असतं. तिथे दोन्ही प्रकारचे किरण चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासूनच येतात. मात्र क्ष-किरणांना फार ऊर्जावान इलेक्ट्रॉन लागतात, आणि जितकी ऊर्जा जास्त तितकी ती लवकर उधळली जाते. चुंबकीय क्षेत्र तेच धरलं तर दृश्य प्रकाश देणाऱ्या इलेक्ट्रॉनांपेक्षा हे चाळीसेक पट लवकर निवतात. नवा पुरवठा थांबला की तेज लगेच उतरतं. 3सी 273 या ब्लेझारमध्ये क्ष-किरणांची वाट वेगळी आहे. तिथे कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आधीच असलेल्या प्रकाशकणांना ढकलून क्ष-किरणांपर्यंत नेतात, म्हणून वागणूकही निराळी.

इलेक्ट्रॉनांना ऊर्जा मिळते कुठून? मार्च 2022मध्ये आयएक्सपीई उपग्रहानं मार्केरियन 501 या ब्लेझारच्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण, म्हणजे त्यांची कंपनं एकाच दिशेला किती झुकलेली आहेत ते, मोजलं. ते भरलं सुमारे 10 टक्के, दृश्य प्रकाशाच्या साधारण दुप्पट, आणि दिशा झोताच्या रेषेत. झोतातल्या आघात-लहरीपाशी इलेक्ट्रॉनांना वेग मिळतो आणि पुढे वाहताना ते निवत जातात, या चित्राशी हे छान जुळतं.

प्रश्न : अ‍ॅस्ट्रोसॅटचा खुला डेटा उतरवून एका ब्लेझारची लाइट कर्व्ह काढली. निरीक्षण तीस तासांचं आहे. त्यात दीड तासाचं आणि बारा तासांचं अशी दोन आवर्तनं सापडली, सॉफ्टवेअर 99.9 टक्के खात्री देतं. तिथे एकमेकांभोवती फिरणारी कृष्णविवरांची जोडी असेल का? आलेख आणि फाइल सोबत जोडली आहे. (एक हौशी निरीक्षक)

उत्तर : आलेख मन लावून काढलाय. पण त्यातलं दीड तासाचं आवर्तन उपग्रहाचं आहे! अ‍ॅस्ट्रोसॅट सुमारे 650 किलोमीटर उंचीवरून साधारण 98 मिनिटांत एक फेरी मारतो आणि बहुतेक फेऱ्यांत पृथ्वी मधे येते. तुमच्या आलेखातल्या रिकाम्या जागा मोजा, त्याच तालात पडलेल्या दिसतील. एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण उपग्रहाची कक्षा लांबट असल्यानं तो दीड दिवस सलग पाहू शकतो; तिथे हा त्रास नाही.

बारा तासांचं प्रकरण जास्त फसवं आहे. तीस तासांत बारा तासांच्या अडीचच लाटा बसतात. ब्लेझारचे चढउतार यादृच्छिक असले तरी प्रत्येक क्षण आधीच्या क्षणाला धरून चालतो. त्यामुळे मोठे चढउतार संथ असतात आणि बारीक असतात ते झटपट. याला रेड नॉइज म्हणतात. नाणं उडवा, छाप आला की पेन्सिल एक घर वर, काटा आला की एक घर खाली, असं दोनशे वेळा करून आलेख काढा. दोन-तीन देखण्या लाटा त्यातही बऱ्याचदा निघतात. सॉफ्टवेअरची 99.9 टक्के खात्री मात्र प्रत्येक बिंदू सुटा आहे असं गृहीत धरून काढलेली असते, म्हणून इथे ती कुचकामी.

करायचं ते असं : टिमर आणि कोनिग यांनी 1995 साली दिलेली रीत वापरून हजारभर खोट्या लाइट कर्व्ह तयार करा. तुमच्या स्रोताच्या पॉवर स्पेक्ट्रमचा (संथ आणि झटपट चढउतारांत किती जोर आहे ते दाखवणाऱ्या आलेखाचा) उतार त्यांना द्या, रिकाम्या जागाही तुमच्याच ठेवा. मग बारा तासांचं एवढं ठळक शिखर त्यांतल्या कितींमध्ये आपोआप उगवतं ते मोजा. शंभरेक निघाल्या तर कृष्णविवरांची जोडी विसरा. एक-दोनच निघाल्या तर त्याच स्रोताचं दुसरं, लांब निरीक्षण शोधा. आणि फाइलमध्ये प्रत्येक बिंदूच्या त्रुटीचा रकाना राहून गेलाय, तेवढा पाठवा.