पान लागायची वाट किती बघायची? : पोकरची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मनीषनगरात मित्राच्या घरी स्पर्धा होती. आम्ही १८ जण, प्रत्येकाला ५,००० चिप्स, दर १५ मिनिटांनी ब्लाइंड (दर डावाला दोघांनी पानं बघण्याआधीच लावायच्या सक्तीच्या चिप्स, एक लहान आणि एक मोठा) वाढायचे. मी एकही फालतू डाव खेळलो नाही, तरी लवकर बाहेर पडलो. ब्लाइंड ३००-६०० झाले तेव्हा माझ्याकडे ४,२०० होते. मित्र म्हणतात, "तू तं नुसता बसूनच राहते बे!" चांगल्या पानांची वाट बघणं चूक आहे का?

उत्तर : मोठ्या स्पर्धेत चूक नाही, तुमच्या स्पर्धेत आहे. आपल्याकडे पत्ते आपणच पिसतो, आपणच वाटतो. मध्येच कुणी चहा घेतो, कुणी फोन उचलतो. त्यामुळे १५ मिनिटांत जेमतेम सहा डाव होतात. नऊ जणांच्या टेबलावर बटणाची (वाटणाऱ्याच्या जागेची खूण, दर डावाला एक जागा पुढे सरकते) एक फेरी पुरी व्हायच्या आत ब्लाइंड वाढलेले असतात. आता बघा, हातातल्या दोन पानांत कुठलीही जोडी सरासरी १७ डावांत एकदा येते. म्हणजे एका जोडीची वाट बघण्यात तीन लेव्हल, म्हणजे ब्लाइंड वाढण्याचे टप्पे, निघून जातात. एक्क्यांची जोडी तर २२१ डावांत एकदा! तेवढे डाव तुमच्या टेबलावर नऊ तासांत होतील.

म्हणून चिप्स मोजताना आकडा बघू नका, त्यात किती मोठे ब्लाइंड बसतात ते बघा. तुमचे ४,२०० म्हणजे सात. त्या फेरीत दोन्ही ब्लाइंड भरून ९०० गेले की उरतात ३,३००, आणि तोवर ब्लाइंड ४००-८०० झाले की हातात राहतात जेमतेम चार. त्या चारांना कोणी घाबरत नाही. तुम्ही ऑल-इन म्हणता, म्हणजे सगळ्या चिप्स लावता, आणि मोठा ब्लाइंडवाला कसल्याही पानांवर कॉल करतो, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावतो.

सात असतानाची गोष्ट वेगळी. आधीच्या सगळ्यांनी पानं टाकली असतील आणि तुम्ही बटणावर असाल, तर कुठलीही जोडी, कुठलाही एक्का किंवा राजा-राणी, राणी-गुलाम अशी दोन चित्रं दिसली की सगळं पुढे सरकवा. मागच्या दोघांनी पानं टाकली तर न दाखवता ९०० मिळाले, म्हणजे तुमच्या ढिगात एकवीस टक्क्यांची भर. नुसता कॉल करून फ्लॉप (टेबलावर उघडणारी पहिली तीन पानं) बघायची सवय मात्र दहा मोठ्या ब्लाइंडच्या खाली आल्यावर सोडाच. ती महाग पडते.

प्रश्न : ब्लाइंड १००-२०० होते. मला राजांची जोडी आली. वाढवायचं म्हणून १,००० ची एक चिप पुढे टाकली, तर वाटणारा म्हणाला, "हा कॉल झाला." हा अन्याय नाही का?

उत्तर : नाही, नियमच तसा आहे. तोंडाने काही न बोलता एकच मोठी चिप टाकली की तो कॉल धरला जातो. आधी "रेझ" म्हणा, मग चिप टाका. आणि बोललात की बोललात. "कॉल... आणि वर पाचशे" असं चालत नाही, पहिला शब्दच धरतात.

यालाच जोडून एक सांगतो. मे महिन्यात खेळताना कूलर टेबलाच्या तोंडावर ठेवू नका. आमच्याकडे एकदा त्या झोताने एका काकूंची दोन्ही पानं उलटी होऊन उघडी पडली, बदामाचा एक्का सगळ्या टेबलाने पाहिला. तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो, पानं बघून झाली की त्यांवर एक चिप ठेवायची. वाटणाऱ्याने चुकून पानं ओढून नेण्याची भीतीही जाते.

प्रश्न : चांगली पानं आली की माझे हात थरथरतात. सगळ्यांना कळतं. काय करू, दादा?

उत्तर : ताई, थरथर थांबवायच्या मागे लागू नका, ती हळूहळू जाते. आपली पाळी येईपर्यंत पानं बघूच नका. मग पानं चांगली असोत की वाईट, मनात पाचपर्यंत मोजा आणि तेवढ्याच वेळात निर्णय सांगा. चिप्स पुढे गेल्या की हात मांडीवर. आणि समोरच्या नवख्याचे हात थरथरताना दिसले, तर तो थापा मारतोय असं समजून कॉल करू नका. बहुतेक वेळा त्याला खरंच पान लागलेलं असतं.

प्रश्न : बाबा म्हणतात, "दिव्या देशमुखच्या गावात राहून पत्ते काय कुटतो? बुद्धिबळ खेळ." त्यांना काय सांगू?

उत्तर : बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. २०२५ चा बुद्धिबळाचा महिला विश्वचषक दिव्याने जिंकला तो ज्या पटावर, तिथे दोघांनाही सगळं दिसत असतं. इथे पानं झाकलेली. सगळ्या चिप्स लागल्या असताना एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोर शंभरातले साधारण अठरा डाव हरते. त्यामुळे एका रात्रीचा निकाल नशीब फिरवू शकतं. पण पन्नास रात्री हिशेब ठेवा, वर तीच ती माणसं दिसतील. बाबांना एकदा बिनपैशाच्या डावाला बसवा, हे तुमच्या सांगण्यापेक्षा लवकर पटेल.

प्रश्न : आम्ही माणशी ५०० रुपये काढून खेळावं म्हणतो. कायद्यात बसतं का? लहान भावालाही घेणार आहे. ऑनलाइन गेमिंगमध्ये त्याचे बरेच पैसे गेले, ते थोडेफार निघतील असं तो म्हणतो.

उत्तर : पैसे लावू नका. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारविरोधी कायदा लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे. रमी मुख्यतः कौशल्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटलं. पोकरवर मात्र उच्च न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा खेळ ठरवला. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आली. आमच्या स्पर्धेला प्रवेशशुल्क नसतं, जिंकणाऱ्याला चषक मिळतो आणि जेवण घरचं. खेळाची मजा तसूभर कमी होत नाही.

भावाला मात्र सध्या बिनपैशाच्या डावालाही बसवू नका. गेलेले पैसे खेळून परत काढायचे, हा विचार हीच त्याची अडचण आहे. त्याच्यावर ओरडू नका, त्याच्याजवळ बसा, देणं किती आहे ते एका कागदावर लिहून काढा. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्ही स्वतः लावून द्या.